तेल मोजतात, माणसं कोण मोजतं?

बालमित्रांनो, घरात नकाशासंग्रह असेल तर जरा घेऊन बसा. आशिया आणि युरोप जिथे एकमेकांना खेटतात, तिथे कॅस्पियन समुद्र दिसेल. नीट पाहा हं! चारी बाजूंना जमीनच जमीन. नावाला समुद्र, पण महासागराकडे सरळ जायला वाट नाही.

या समुद्राच्या पश्चिम काठावर अझरबैजान हा देश आहे. त्याची राजधानी बाकू. इथल्या जमिनीखाली आणि समुद्राच्या तळाखाली खनिज तेल आणि वायू भरपूर. बाकूजवळ सुराखानी इथे एक जुनं अग्निमंदिर आहे. पूर्वी तिथे जमिनीतून आपोआप येणाऱ्या वायूवर ज्योती जळत. आपल्याकडचे व्यापारी तिथवर जात. म्हणून त्या मंदिरात चक्क देवनागरीतले शिलालेख आहेत, आणि काहींची सुरुवात ‘श्रीगणेशाय नमः’ने होते! आहे की नाही गंमत?

१९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि अझरबैजान स्वतंत्र झाला. १९९४ मध्ये त्याने परदेशी कंपन्यांशी तेल काढण्याचा मोठा करार केला. तेल निघेल, पण जगाच्या बाजारात न्यायचं कसं? उत्तरेला रशिया, एकाच मोठ्या शेजाऱ्यावर सगळं अवलंबून राहायची तयारी नव्हती. दक्षिणेला इराण, त्याला अमेरिकेचा विरोध. आर्मेनियातून वाट जवळची, पण त्याच्याशी युद्ध झालेलं. काळ्या समुद्रापर्यंत नळ टाकून पुढे जहाजांनी न्यावं, तर जहाजांना इस्तंबूल शहराच्या मधून जाणाऱ्या बॉस्फरसच्या अरुंद सामुद्रधुनीतून जावं लागतं. १९७९ साली तिथे तेलाच्या एका जहाजाची टक्कर होऊन भीषण आग लागली होती, त्यात ४३ खलाशी गेले. तुर्कस्तान म्हणालं, आमच्या शहराच्या दारातून आणखी तेल नको.

मग सुरू झाल्या बैठका. एका देशातून दुसऱ्या देशात नळ न्यायचा, तर किती प्रश्न! जमीन कोणाची? राखण कोण करणार? शेतकऱ्याला भरपाई किती? ज्याच्या अंगणातून नळ जाणार त्याला भाडं किती? शेवटी १८ नोव्हेंबर १९९९ रोजी इस्तंबूलमध्ये अझरबैजान, जॉर्जिया आणि तुर्कस्तान यांच्या राष्ट्राध्यक्षांनी करारावर सह्या केल्या.

बाकूहून जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळून तुर्कस्तानच्या जेहान बंदरापर्यंत ही वाहिनी जाते. लांबी १७६८ किलोमीटर! अझरबैजानात ४४३, जॉर्जियात २४९ आणि तुर्कस्तानात १०७६. बेरीज करून पाहा बरं. वाटेत ती सुमारे २८०० मीटर उंचीचे डोंगर चढते. नळ जमिनीत पुरलेला, म्हणून वरून पुन्हा शेती करता येते. मे २००५ मध्ये बाकूकडून तेल सोडलं, ते जेहानला पोचलं मे २००६ मध्ये. दिवसाला दहा लाख बॅरल तेल नेता येईल असा हा नळ बांधला. एका बॅरलमध्ये साधारण १५९ लिटर तेल मावतं. झाले किती लिटर? २०१३ साली आपल्या सरकारी तेल कंपनीच्या परदेशी शाखेनेही या वाहिनीत छोटा वाटा विकत घेतला. जॉर्जियाला दर बॅरलमागे भाडं मिळतं. म्हणजे किती तेल गेलं, याचा हिशोब चोख हवाच!

हे सगळं मी वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तेल मोजतात, मग फसवून नेलेली माणसं कोण मोजतं?”

मी क्षणभर गप्प झाले. प्रश्न उगाच नव्हता. आदल्याच वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नव्हती. हजेरीपटात आठ दिवस ओळीने गैरहजेरी लागली, तेव्हा मी तिच्या घरी गेले. कुणी एक ओळखीचा माणूस म्हणाला होता, “पोरीला शहरात पाठवा, घरकाम करील, तिथेच शाळेतही घालतील.” कोणतं घर, कोणती शाळा, पत्ता काय, काहीच सांगत नव्हता. तिची आई मलाच म्हणाली, “बाई, माझंही मन घेत नव्हतं हो.” मुख्याध्यापक आणि गावातली चार माणसं बसली, बोलली. तो माणूस पुन्हा फिरकला नाही. मुलगी सोमवारी वर्गात होती.

मुलांनो, असं आमिष दाखवून, फसवून किंवा धाक घालून माणसाला नेणं आणि त्याला राबवणं, याला मानवी तस्करी म्हणतात. नळाची वाट ठरवायला जसे देश एकत्र बसतात, तसे ही वाट बंद करायलाही बसतात. कारण चोर सरहद्द ओलांडून गेला की एकट्या देशाचे पोलीस थांबतात. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली याविरुद्ध एक करार केला. तुर्कस्तान आणि अझरबैजानने तो २००३ मध्ये स्वीकारला, जॉर्जियाने २००६ मध्ये आणि भारताने २०११ मध्ये. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमात तर माणसांच्या व्यापाराला पहिल्यापासूनच बंदी आहे.

या करारातली एक गोष्ट आईबाबांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. अठरा वर्षांखालच्या मुलाला राबवून घेण्यासाठी नेलं, तर मूल ‘हो’ म्हणालं होतं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. तो गुन्हाच. आणि त्यासाठी सरहद्द ओलांडावी लागते असंही नाही. शेजारच्या गावी नेलं तरी तस्करीच.

मग त्या प्रश्नाचं उत्तर काय? तेल यंत्रं मोजतात. माणसं आपणच मोजायची. मी हजेरीपटात मोजते, तुम्ही बाकावर मोजा. शेजारचा मित्र चार दिवस दिसला नाही तर गुरुजींना, बाईंना सांगा. कुणी नोकरीचं, सिनेमाचं, फिरायला नेण्याचं गोड बोललं आणि “घरी सांगू नकोस” म्हणालं, तर आधी घरीच सांगा. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, पैसे पडत नाहीत. ११२ वरही मदत मिळते. दोन्ही क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि हो, नकाशावर बाकू ते जेहान अशी लोकरीची रेघ चिकटवायला विसरू नका!