जाखडीची बारी: गाण्यात भांडण, पायांत मेळ

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली इथला, म्हणून बाहेरच्यांना गावाचं नाव ठाऊक. पण महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात गौरी-गणपतीत यावं, ते जाखडीसाठी. बाल्या नाच म्हणतात तो हाच.

अंगणात मधोमध ढोलकीवाला, शाहीर आणि साथीला झीलकरी बसतात. भोवती आठएक गडी फेर धरतात. चाळ, म्हणजे घुंगरू, बांधायचे ते एकाच पायात. त्यामुळे कोणता पाय कधी पडला हे डोळे मिटूनही कळतं. आठांपैकी एक जण जरा मागे राहिला, तरी लपत नाही. गण झाला, गवळण झाली की लय चढते. कमरेत वाकणं, गिरकी, उसळी, सगळं चाळांच्या ठेक्यावर.

खरी रंगत शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात. शक्तीवाले, म्हणजे कलगीवाले, शक्ती थोर म्हणतात. तुरेवाले शिवाची बाजू घेतात. एका शाहिराने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत, म्हणजे पाळीत, तो गाण्यातूनच सोडवायचा. त्यासाठी पोथ्या वाचलेल्या हव्यात आणि शब्दही हजर हवेत. नुसत्या गळ्यावर बारी मारता येत नाही. गाणी दरवर्षी नवी बांधतात. चाल गाजत्या सिनेगीताची चालते, विषय कालपरवाच्या बातमीचाही चालतो. त्यामुळे परंपरा म्हणून काचेत ठेवण्याजोगी ही चीज नव्हे. ती मुळातच चालू काळाची.

गिरणीच्या दिवसांत कोकणी माणूस मुंबईला गेला आणि नाच सोबत घेऊन गेला. गावाचं एक मंडळ गावात, दुसरं मुंबईत. परळचं दामोदर नाट्यगृह अशा मंडळांचं हक्काचं ठिकाण झालं. रंगमंचाने मात्र नाचाची बांधणीच बदलली. अंगणात प्रेक्षक चहूबाजूंनी असतात, तिथे पाठ कायमची कुणा एकाकडे होत नाही. थिएटरात प्रेक्षक एकाच बाजूला, म्हणून फेर उघडून रांगा झाल्या, मधला शाहीर कडेला सरकला. ढोलकीशेजारी बेंजो आणि ऑक्टोपॅड आले, पोशाखावर टिकल्या चमकू लागल्या. पूर्वी पुरुषांच्याच असलेल्या या खेळात आता बायकाही गातात, नाचतात. जुन्याजाणत्यांना हा झगमगाट खटकतो. पण सवालाला जवाब देता आला नाही, तर टिकल्या बारी वाचवत नाहीत, हे प्रेक्षकांतल्या पोरांनाही कळतं.

2023च्या अखेरीस दामोदर पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा लोककलावंत रस्त्यावर उतरले. त्यात नुसता जुन्या वास्तूचा लळा नव्हता. चाकरमान्यांचं मंडळ वर्गणी काढून प्रयोग लावतं. भाडं वाढलं की तिकीट वाढतं आणि ज्याच्यासाठी नाच, तोच दाराबाहेर राहतो. लोककला टिकेल का, यावर परिसंवाद पुष्कळ होतात. मंडळांच्या बैठकीत विषय दोनच असतात: परवडणारं थिएटर आणि गणपतीची रजा.