डोळ्यांचा अंदाज आणि फुफीचा हिस्सा

पुढे वाचण्याआधी स्वयंपाकघरातून पाणी प्यायचा एक साधा स्टीलचा पेला आणा. घरातल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारा : पेल्याची उंची जास्त, की त्याच्या काठाचा घेर? बहुतेक जण लगेच सांगतील, "उंची!" आता एक दोरा काठाभोवती एकदा गुंडाळा आणि तोच दोरा सरळ करून पेल्याशेजारी उभा धरा. दोरा पेल्याच्या वर कितीतरी उरेल. पेल्याचे तोंड ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर घेर जवळपास २२ सेंटिमीटर भरतो. पेला मात्र ११-१२ सेंटिमीटरच उंच असतो.

राणीसावरगावात गणित शिकवताना दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी हा खेळ घेते. मुले हसतात, पुन्हा मोजतात. एखादा हुशार मुलगा म्हणतो, "मॅडम, दोरा ताणला गेला असेल." दोऱ्यावर संशय येतो, डोळ्यांवर येत नाही. आपल्या मोठ्या माणसांचेही असेच असते. माझ्या घरात या सवयीची किंमत एका बाईने तेरा वर्षे मोजली. ती हकीकत पुढे येईलच. आधी डोळा कसा फसतो ते पाहू.

एक मोठी की दोन लहान?

दस्तरखानावर ६ इंच रुंदीच्या दोन चपात्या एकीकडे ठेवा आणि ९ इंच रुंदीची एक दुसरीकडे. ज्या मुलाला एकच मिळाली, तो रुसणार. खरे तर जास्त त्यालाच मिळाली आहे. गोल वस्तूचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६ चा वर्ग ३६, दोन चपात्यांचे मिळून ७२. ९ चा वर्ग ८१. चपात्यांची जाडी सारखी असेल, तर एका चपातीत कणीक जास्त आहे. डोळा इथे संख्या मोजतो, जागा मोजत नाही.

उगवता चंद्र मोठा का दिसतो?

पौर्णिमेच्या आसपास चंद्र उगवताना शेताच्या कडेला एवढा मोठा दिसतो, की मुले धावत अंगणात येतात. रात्री दहाला तोच चंद्र डोक्यावर लहान वाटतो. तुरीचा एक दाणा घ्या, हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि दाणा चंद्रासमोर धरा. चंद्र दाण्यामागे झाकला जाईल. दहा वाजता पुन्हा धरा. तोच दाणा, तेवढाच चंद्र.

या कोड्यावर एक हजार वर्षांपूर्वी नीट विचार केला तो इब्न अल-हैसम यांनी. सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात त्यांचा जन्म झाला आणि मोठे काम काहिऱ्यात झाले. त्यांच्या 'किताबुल मनाझिर' या ग्रंथाचे सात भाग आहेत आणि त्यांतला तिसरा भाग नजरेच्या चुकांवर आहे. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी सांगितले, की वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो. पण पाहणे तिथे संपत नाही. वस्तू केवढी आणि किती दूर, हा निवाडा मन करते. तो इतक्या झटकन होतो, की निवाडा झाला हेच आपल्याला कळत नाही. क्षितिजाजवळ चंद्र आणि आपण यांच्यामध्ये झाडे, घरे, शेते असतात. त्यामुळे मनाला तो फार दूर वाटतो. एवढ्या दूर असूनही एवढा दिसतो, म्हणजे मोठाच असणार, असे मन ठरवते. या भ्रमावर आजही चर्चा चालू आहे, पण तिथे 'अंतराचा अंदाज' ही त्यांची कल्पना अजून विचारात घेतात. हा ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत गेला, १५७२ मध्ये बाझेल शहरात छापला गेला आणि युरोपातल्या अभ्यासकांनी कित्येक पिढ्या वाचला.

तेव्हा डोळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो साक्षीदार आहे. घाई करणारा काझी आत बसलेला असतो.

चौसष्टचे पासष्ट

हा खेळ मुलांसोबत जरूर करा. चौकटीच्या वहीच्या कागदावर ८ घरे लांब आणि ८ घरे रुंद असा चौरस कापा. एकूण ६४ घरे. तो आडवा कापून दोन पट्ट्या करा : एक ३ घरे रुंद, दुसरी ५ घरे रुंद. तीनची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापा. दोन त्रिकोण मिळतील. पाचच्या पट्टीच्या वरच्या कडेवर डावीकडून ३ घरांवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून ५ घरांवर. दोन्ही खुणा जोडून कापा. एकूण चार तुकडे झाले.

आता प्रत्येक त्रिकोणाची ३ घरांची बाजू एकेका चौकोनी तुकड्याच्या ३ घरांच्या बाजूला लावा. दोन लांबट त्रिकोण तयार होतील. ते एकमेकांना उलटसुलट जोडले, की १३ घरे लांब आणि ५ घरे रुंद असा आयत दिसतो. १३ गुणिले ५ म्हणजे ६५! एक घर कुठून आले?

कुठूनही आले नाही. आयताच्या मधोमध जी तिरकी रेघ सरळ दिसते, ती सरळ नाही. त्रिकोणाचा उतार ८ घरांना ३ आहे आणि चौकोनी तुकड्याचा ५ घरांना २. एक ०.३७५, दुसरा ०.४. फरक इतका बारीक, की जोड सरळच वाटते. प्रत्यक्षात तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक अगदी चिंचोळी फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एका घराएवढे भरते. टोकदार पेन्सिलीने काळजीपूर्वक रेघा काढल्या तर ती फट दिसते. हे कोडे १८६८ मध्ये जर्मनीतल्या एका गणिताच्या नियतकालिकात छापले गेले होते आणि आजही मोठमोठ्यांना गोंधळात टाकते.

कागदावर एका घराने काय बिघडते? पण शेताचा प्रश्न आला की बिघडते.

फुफीचे शेत

आमचे दादा गेले तेव्हा दहा एकर जमीन मागे राहिली. वारस तिघे : माझे अब्बा, चाचा आणि फुफी. शरीयतप्रमाणे भावांना चार-चार एकर आणि बहिणीला दोन. अनेक घरांत बहिणीचा हिस्सा तोंडानेच माफ करून घेतला जातो. आमच्या घरात तो दिला गेला, याचा मला अभिमान होता आणि आहे. नियत साफ होती, एवढे आधी सांगते.

गावातल्या चार बुजुर्गांसमोर साखळीने माप झाले. आपल्याकडची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १ गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. ओढ्याकडची फुफीची पट्टी १६ साखळ्या लांब आणि ५ साखळ्या रुंद भरली. हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे आकडे पूर्ण केले आहेत. १६ पंचे ८०. ऐंशी गुंठे म्हणजे बरोबर दोन एकर. सगळ्यांनी "माशाल्लाह" म्हटले. धुऱ्यावरून फिरून आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "बाईची पट्टी संपता संपत नाही."

पण फुफीला पीक कमी यायचे. तेवढ्या रानात शेजाऱ्याची पाच पोती भरली, की तिची चार. फुफा लवकर गेलेले, मुले लहान, सगळा भार तिच्यावर. लोक म्हणाले, बाईमाणसाला शेती जमत नाही. कुणी बियाण्याला नावे ठेवली, कुणी ओढ्याकडच्या मातीला. हळूहळू फुफीही म्हणू लागली, "माझ्याच हाताला बरकत नाही." तेरा वर्षे मी हे वाक्य ऐकले.

मी बी.एड. करत होते तेव्हा सराव पाठासाठी क्षेत्रफळाचा धडा वाट्याला आला. वहीतल्या चौकोनांऐवजी खरे शेत मोजून न्यावे म्हणून सुट्टीत फुफीच्या रानात गेले. बाजू मोजल्या. त्याच, १६ आणि ५. मग सवयीने काटकोन तपासला आणि थांबले. पट्टी ओढ्याच्या वळणाबरोबर तिरकी गेलेली होती. ५ साखळ्यांची बाजू उभी नव्हती, कललेली होती. एका धुऱ्यावरून समोरच्या धुऱ्यावर सरळ काटकोनात माप धरले तर ते ४ साखळ्याच भरले. १६ चोक ६४. चौसष्ट गुंठे. ऐंशी नव्हेत.

काडेपेटीची बाहेरची खोकी घ्या, काड्यांची आतली पेटी काढून टाका आणि खोकी हळूहळू तिरकी दाबा. चारही बाजू होत्या तेवढ्याच राहतात. आतली जागा मात्र कमी कमी होत शेवटी नाहीशी होते. फुफीच्या पट्टीचे नेमके हेच झाले होते. धुऱ्यावरून फिरणाऱ्याला बाजू दिसतात, पायांना बाजूच मोजता येतात. क्षेत्रफळ पायांना कळत नाही. पाच पोत्यांच्या जागी चार, कारण रानच पाचात चार हिस्से होते. हाताच्या बरकतीचा काही संबंध नव्हता.

रात्री अब्बांना सांगितले. ते रागावले. म्हणाले, "बुजुर्गांनी केलेली वाटणी आहे बेटा. त्यांनी काय डोळे मिटून केली?"

मी म्हटले, "अब्बा, डोळ्यांनीच केली. तीच चूक झाली."

ते काही बोलले नाहीत. सकाळी फजरनंतर पाहते तर अब्बा सुताची दोरी घेऊन एकटेच रानात उभे होते.

भास्कराचार्यांनी सांगून ठेवलेले

ही चूक आमच्या गावाने शोधून काढलेली नाही. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन गुणाकार करायचा, ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच ती केवळ ढोबळ असल्याचे लिहिले. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त आणखी स्पष्ट सांगितले, की चार बाजू तेवढ्याच ठेवून चौकोनाचे कितीतरी आकार होतात आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ वेगळे. म्हणून कर्ण किंवा लंब कळल्याशिवाय क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही त्यांनी चांगलेच फटकारले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडला. याच 'लीलावती'चा फारसी तर्जुमा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केला. म्हणजे संस्कृत वाचणाऱ्यांना आणि फारसी वाचणाऱ्यांना ही गोष्ट शेकडो वर्षे उपलब्ध होती. आमच्या धुऱ्यापर्यंत मात्र ती पोचली नव्हती.

डोळा कुठे चुकतो हे ओळखून सुंदर काम करणारेही होऊन गेले. ताजमहालाच्या दारावरील आयतांची अक्षरे वर वर मोठी होत जातात, म्हणून खाली उभ्या माणसाला ती सगळी सारखी वाटतात. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. सहलीला गेलात तर मुलांना तिथे घाईत फिरवू नका. दगडातल्या अशा जाळ्या नीट पाहताना क्षणात एक आकार पुढे येतो, क्षणात दुसराच. डोळ्याला खेळवणारी ही नक्षी कारागिरांनी नुसत्या अंदाजाने कोरलेली नाही. परकार आणि पट्टीने आखून कोरलेली आहे.

घरी काय करावे

शेत असो वा प्लॉट, नुसत्या चार बाजूंवर समाधान मानू नका. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. दोन त्रिकोण होतील. ही दोरी दोघांचाही पाया. उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोरीपर्यंत काटकोनात अंतर मोजा. पाया गुणिले ते अंतर, भागिले दोन. दोन्ही त्रिकोणांची बेरीज म्हणजे खरे क्षेत्रफळ. काटकोन तपासायला गवंडी वापरतात तीच युक्ती घ्या : ३, ४ आणि ५ हात बाजूंचा त्रिकोण केला, की ३ आणि ४ यांच्यामधला कोन काटकोन असतो. हे माप तुमच्या समजुतीसाठी. वाटणी पक्की करताना रीतसर सरकारी मोजणी करून घ्या आणि सातबाऱ्यावर नोंद करा. हे काम बहिणीच्या समोर करा, तिच्या मुलालाही साखळीचे एक टोक धरू द्या.

आमच्याकडे दोन्ही भावांनी आठ-आठ गुंठे सोडले. अब्बांनी त्याच हंगामात सोडले. चाचांना पटायला दुसरा पावसाळा लागला, पण तेही आले. धुरा सरकला. तेरा वर्षांचे सोळा गुंठ्यांवरचे पीक मात्र कुणी परत देऊ शकले नाही, आणि फुफीने मागितलेही नाही.

नवा धुरा घातला त्या दिवशी ती बांधावर बसून होती. मी तिला काडेपेटी दाबून दाखवली. तिने ती माझ्या हातातून घेतली, दोनदा दाबली, दोनदा सरळ केली. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात बरा होता गं."

त्या वर्षी तिच्या रानात तूर होती. पहिल्या राशीतले एक शेर दाणे तिने आमच्या घरी पाठवले. चंद्रासमोर धरायला मी आजही वर्गात तुरीचाच दाणा नेते.