ब्रेकपॉइंट : चालत्या प्रोग्रामला थांबा

● कुठे? एमएस-डॉससोबत येणाऱ्या ‘डीबग’मध्ये, इंटेल ८०८६ कुळातल्या प्रोसेसरवर.

● आज्ञा : ‘जी=१०० ११०’ म्हणजे १०० या पत्त्यापासून चालव, ११० वर थांब. आकडे षोडशमान पद्धतीचे. एका आज्ञेत जास्तीत जास्त १० थांबे देता येतात.

● आत काय घडते? डीबग त्या पत्त्यावरचा मूळ बाइट जपून ठेवतो आणि त्या जागी ‘सीसी’ हा बाइट लिहितो. प्रोसेसर तिथे पोहोचला की इंटरप्ट ३ उठतो, ताबा डीबगकडे येतो, मूळ बाइट जागेवर बसतो आणि रजिस्टरांतले आकडे पडद्यावर उमटतात.

● जपून! थांबा सूचनेच्या पहिल्याच बाइटवर हवा. मधल्या बाइटवर पडला तर सूचनाच बदलते. प्रोग्राम थांब्याला न लागताच संपला, तर ‘सीसी’ मेमरीत तसाच राहतो. पुन्हा चालवण्याआधी प्रोग्राम नव्याने लोड करावा.

● रॉममध्ये? तिथे बाइट बदलता येत नाही, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. १९८५ च्या ८०३८६ मध्ये इंटेलने डीआर० ते डीआर३ ही चार रजिस्टरे दिली. त्यांत पत्ता भरून थांबा चालू केला की कोडला हात न लावता थांबता येते. ठरावीक पत्त्यावर कोणती सूचना लिहिते, हेही पकडता येते.