विश्लेषण : कंटेनर स्कॅन होतो, ‘आतल्या माणसा’चे काय?

पनवेलहून उरणच्या दिशेने निघाले की जासईच्या आसपास रस्त्यावर कंटेनरच कंटेनर दिसतात. जवळच न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. वीस फुटी मापाने मोजले तर या बंदरातून वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनरची ये-जा होते. याच गर्दीत गेल्या काही वर्षांत अफगाणिस्तानातले हेरॉईन आणि दक्षिण आफ्रिकेहून निघालेले कोकेन सापडले. हा माल येतो कुठून, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. तो आत कसा येतो आणि कोणी डोळेझाक केली तर काय होते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. रायगड जिल्ह्याने त्याचे उत्तर एकदा फार महागात मोजले आहे.

न्हावा-शेवात काय काय सापडले?

ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो हेरॉईन पकडले गेले. बांबूसारखे रंगवलेले प्लास्टिकचे पाइप आणि कागदोपत्री आयुर्वेदिक औषध, असा बनाव होता. या प्रकरणात कस्टम्सच्या कामाचे दलालही अटकेत गेले. जुलै २०२१ मध्ये सुमारे २९४ किलो हेरॉईन मिळाले. माल पंजाबात तरनतारनला जायचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या पथकाने येथे ज्येष्ठमधाचा कंटेनर उघडला, तेव्हा मुळ्यांवर हेरॉईनचा लेप होता. किंमत सांगितली गेली १,७२५ कोटी. पुढच्याच महिन्यात फळांच्या खोक्यांतून ५० किलो कोकेन निघाले. त्याआधी २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन सापडले होते, त्यापुढे हे आकडे लहान वाटावेत.

या जप्ती कस्टम्स, महसूल गुप्तचर संचालनालय आणि पोलिसांच्याच कामगिऱ्या आहेत. त्यात सरसकट अधिकाऱ्यांवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरेल. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे कुठल्याच बंदराला परवडत नाही. आयातदाराचा पूर्वेतिहास, मालाचा प्रकार आणि देश पाहून संगणक जोखीम ठरवतो. त्यात ‘संशयित’ ठरलेलेच कंटेनर स्कॅनरखाली जातात किंवा फोडले जातात, बाकीचे कागदपत्रांवर सुटतात. म्हणजे तस्कराला सगळी यंत्रणा विकत घ्यायची गरजच नसते. कोणता कंटेनर कधी तपासणार, एवढी एक खबर पुरते.

युरोपात नेमके हेच घडते आहे. अँटवर्प, रॉटरडॅमसारख्या बंदरांत कंटेनर ताब्यात घेण्याचा पिन क्रमांक आतल्याच माणसांकडून विकत घेतला जातो, असे युरोपोलने २०२३ च्या अहवालात नोंदवले. कुलूप तोडावे लागत नाही, चौकीदारही मारावा लागत नाही.

शेखाडीत काय घडले होते?

रायगडच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये अमली पदार्थ नव्हे, शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. पण वाट तस्करीचीच होती. सोने-चांदीसाठी वर्षानुवर्षे वापरलेली, ‘हप्त्या’ने गुळगुळीत झालेली. ९ जानेवारीला दिघी जेट्टीवर माल उतरला. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. अडवली, आणि सौदा करून सोडली. रोकड लगेच हाती नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्याचे न्यायालयासमोर आले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला आणखी दोनदा माल उतरला. १२ मार्चला मुंबईत स्फोटमालिका झाली, २५७ माणसे गेली.

या खटल्यात कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना जन्मठेप झाली. श्रीवर्धनच्या एका पोलीस उपनिरीक्षकालाही तीच शिक्षा झाली. कस्टम्सचे इतर अधिकारी आणि पोलीस कर्मचारीही दोषी ठरले. नेहमीचीच चांदी असेल, असे समजून पैसे घेतल्याचा बचाव अशा प्रकरणांत नेहमी येतो. पण वाट विकणाऱ्याला त्या वाटेने पुढे काय जाईल, हे ठरवता येत नाही. हप्ता चांदीचा असतो, माल कशाचाही असू शकतो.

पकडलेला मालच बाहेर गेला तर?

संगनमताचा दुसरा प्रकार जास्त गुपचूप चालतो. केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे चंदीगडचे प्रमुख राहिलेले आयपीएस अधिकारी साजी मोहन यांना जानेवारी २००९ मध्ये महाराष्ट्र एटीएसने मुंबईत हेरॉईनसह पकडले. ज्यांच्यावर सीमेपलीकडून येणारे हेरॉईन रोखण्याची जबाबदारी होती, त्यांनीच जप्त मालातून काढून विकल्याचा आरोप होता. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा सुनावली. जप्त साठ्याची चोरी होऊन तो पुन्हा बाजारात येण्याचा धोका सर्वोच्च न्यायालयानेही ओळखला. २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात साठवण आणि वेळेत नाश यांबाबत न्यायालयाने निर्देश दिले.

तिसरा प्रकार पुण्याने पाहिला. एमडी प्रकरणातला आरोपी ललित पाटील येरवडा कारागृहाचा कैदी, पण अनेक महिने मुक्काम ससून रुग्णालयात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी रुग्णालयाबाहेर सुमारे दोन कोटींचे एमडी पकडले गेले आणि दोनच दिवसांत तो पळाला. काही दिवसांत मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघड केला. बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले, काहींना अटक झाली, रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी कुरकुंभच्या कारखान्यावर छापा पडला, तेव्हा तिथले एमडी लंडनपर्यंत गेल्याचे तपासात समोर आले. म्हणजे महाराष्ट्र आता फक्त मार्गावरचा थांबा राहिलेला नाही, इथून मालही बाहेर जातो.

न्हावा-शेवाच्या शेजारी नवी मुंबईतही २०२५ मध्ये हायड्रोपोनिक गांजाच्या तपासात पोलिसांनी कस्टम्सचा एक अधिकारी आणि पोलीस दलातलेच कर्मचारी पकडले. ते आरोप आहेत, निकाल नव्हे.

हे कुठवर जाऊ शकते?

मेक्सिकोत २००६ ते २०१२ या काळात सार्वजनिक सुरक्षा खात्याचे मंत्री राहिलेले आणि अमली पदार्थांविरुद्धच्या ‘युद्धा’चा चेहरा असलेले हेनारो गार्सिया लुना सिनालोआ टोळीकडून लाच घेत होते, असे अमेरिकेतील ज्यूरीने २०२३ मध्ये ठरवले. पुढच्या वर्षी त्यांना ३८ वर्षांहून अधिक कैद झाली. त्यांच्या काळात हजारो माणसे टोळ्यांच्या हिंसेत मेली. आपल्याकडची परिस्थिती तशी नाही, पण सुरुवात तिकडेही फाट्यावर सोडून दिलेल्या गाड्यांपासूनच होते.

कायदा काय सांगतो?

एनडीपीएस कायद्याच्या कलम ५९ नुसार तस्करीला जाणीवपूर्वक मदत करणाऱ्या किंवा तिच्याकडे कानाडोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला १० ते २० वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. शिक्षा कडक आहे. अडचण त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने केलेल्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून वाचवायचे, हा हेतू रास्त आहे. पण ज्या खात्याची अब्रू पणाला लागली आहे, त्याच्यावरच्या सरकारची फाइल हलेपर्यंत साक्षीदार आणि पुरावे कुणासाठी थांबत नाहीत.

स्फोटांच्या खटल्यात शिक्षा सुनावल्या गेल्या २००७ मध्ये, गोंडघर फाट्यावर ती वाहने सोडल्यानंतर १४ वर्षांनी. साजी मोहन यांच्या मुंबईतल्या निकालाला दहा वर्षे लागली.