कोलंबिया नदीवर होडी कोठून सोडावी?

नकाशा काढतांना दोन राज्यांमधील सीमा म्हणून नदी दाखविण्याइतकें सोपें काम दुसरें नाहीं. निळी रेघ ओढली, तिच्या दोहों बाजूंस दोन रंग भरले, कीं झालें. परंतु ज्याला त्या निळ्या रेघेवर होडी घालून मासे धरावयाचे असतात त्याच्यापुढें अनेक प्रश्न उभे राहतात. होडी कोणत्या तीरावरून सोडावी? परवाना कोणत्या राज्याचा घ्यावा? भरती, ओहोटी व वारा यांपैकीं कोणाचें भय अधिक? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नांचीं उत्तरें कशीं शोधावीं हें अमेरिकेंतील एका थोर नदीच्या उदाहरणानें समजावून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ही नदी म्हणजे कोलंबिया. ती कॅनडांत उगम पावते व सुमारें दोन हजार किलोमीटर वाहून पॅसिफिक महासागरास मिळते. तिच्या शेवटच्या सुमारें ४८० किलोमीटरांत उत्तरेस वॉशिंग्टन व दक्षिणेस ऑरेगन अशीं दोन राज्यें आहेत. १७९२ सालीं रॉबर्ट ग्रे नांवाच्या कप्तानानें आपलें जहाज तिच्या मुखांत आणलें व त्या जहाजाचेंच नांव नदीस दिलें. पुढें सीमेविषयीं दोन राज्यांत वाद माजला, तेव्हां १९०८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें नदीच्या उत्तरेकडील जहाजमार्गाचा मध्य ही सीमा ठरविली. त्यामुळें सँड आयलंड नांवाचें बेट आज वॉशिंग्टनच्या किनाऱ्यास लागून दिसत असलें तरी तें ऑरेगनचें गणलें जातें. हें नवल वाटावयास नको. आपल्या तेरेखोल नदीच्या मुखाशीं उत्तर तीरावर असलेला तेरेखोलचा किल्ला गोव्यांतच मोडतो. तात्पर्य, सीमा कोठें आहे हें नुसत्या डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं.

आतां होडी सोडण्याच्या जागेकडे वळूं. कोंकणांतील कोळी बांधव आपली होडी वाळूवरून ओढीत नेतात. अमेरिकेंत लहान होडी ट्रेलरवर ठेवून मोटारीनें नदीपर्यंत आणतात, आणि काठावरून पाण्यांत गेलेल्या काँक्रीटच्या उतारावर ट्रेलर मागें मागें ढकलून होडी तरंगवितात. या उताराची चढण बेताची असावी लागते. शंभर हात अंतरांत बारा ते पंधरा हात उतरणारा उतार योग्य समजतात. तो याहून सपाट असेल तर होडी तरंगण्यापूर्वींच मोटारीचीं चाकें पाण्यांत बुडतात. याहून उभा असेल तर ओली होडी वर ओढतांना चाकें घसरतात.

उताराची लांबीहि पाहावी. अस्टोरिया हें ऑरेगनमधील गांव नदीच्या मुखाजवळ आहे. तेथें भरती व ओहोटी यांच्या पातळींत सुमारें अडीच मीटरांचें अंतर पडतें. उतार आठास एक या प्रमाणाचा धरला, तर पाण्याची कड ओहोटीस अडीच गुणिलें आठ, म्हणजे वीस मीटर मागें सरते. उतार तितका लांब नसेल तर सकाळीं भरतीच्या पाण्यांत सहज सोडलेली होडी दुपारीं ओहोटीस वर घेतां येत नाहीं. मनुष्य चिखलांत अडकून भरतीची वाट पाहत बसतो. शिवाय जो भाग नेहमीं पाण्याखालीं असतो त्यावर शेवाळ धरतें, आणि तेथें पाय व चाक दोन्ही निसटतात. म्हणून शेजारीं धक्का आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. धक्का असला म्हणजे मुलांना व वृद्धांना पाण्यांत न उतरतां होडींत बसतां येतें.

कोलंबियेचे, या कामापुरते, तीन भाग करतां येतात. पहिला भाग मुखाचा. येथें समुद्राच्या लाटा आंत येतात व ओहोटीचें पाणी नदीच्या प्रवाहासह बाहेर धांव घेतें. दोहोंची गांठ मुखावरील उथळ वाळूच्या दांड्यावर पडली म्हणजे लाटा आखूड, उंच व उभ्या होतात. या भागास खलाशी 'पॅसिफिकचें स्मशान' म्हणतात, इतकीं जहाजें तेथें बुडालीं आहेत. तरी ऑगस्ट महिन्यांत सामन मासे समुद्रांतून नदींत शिरतात, तेव्हां दहा क्रमांकाच्या बोयाजवळ होड्यांची दाटी होते. तेथें जाण्यास ऑरेगनच्या बाजूनें हॅमंड व अस्टोरिया, आणि वॉशिंग्टनच्या बाजूनें इल्वाको व चिनूक हीं ठिकाणें सोयीचीं आहेत. परंतु इल्वाको व चिनूक ज्या बेकर उपसागरांत आहेत तो उथळ असून, खोदून ठेवलेल्या अरुंद मार्गांनींच तेथें ये-जा करावी लागते. ओहोटीच्या वेळीं वाट चुकलेली होडी गाळांत रुतते. म्हणून येथें अंतरापेक्षां भरतीचें कोष्टक अधिक महत्त्वाचें. ओहोटी जोरांत असतां मुखाकडे तोंड करून मासे धरीत राहणें हें मोठें धाडस होय, कारण यंत्र बंद पडलें तर प्रवाह होडीस थेट दांड्याकडे नेतो.

दुसरा भाग मुखाच्या वरून बॉनव्हिल धरणापर्यंतचा. हें धरण समुद्रापासून सुमारें २३५ किलोमीटरांवर असून भरतीचा परिणाम थेट तेथपर्यंत जाणवतो. या भागांत नदी रुंद व बहुधा शांत असते. येथें एक साधा नियम लक्षांत ठेवावा : उताराच्या वरच्या अंगास जाऊन मासे धरावे. यंत्र बिघडलें तरी प्रवाह होडीस उताराकडेच आणतो. मात्र धरणाच्या पायथ्याशीं ठराविक अंतरांत होड्यांस बंदी आहे, तिचें उल्लंघन करूं नये.

तिसरा भाग घळीचा. येथें पर्वतांच्या रांगेंतून नदीनें आपली वाट कोरली आहे. उन्हाळ्यांत पूर्वेकडील कोरडी जमीन तापते, तेथील हवा हलकी होते, आणि समुद्राकडील थंड हवा या घळींतून पूर्वेकडे घुसते. नदी पश्चिमेस वाहते आणि वारा पूर्वेस जातो, म्हणून दुपारीं लाटा फार उभ्या उठतात. हूड रिव्हर हें गांव वाऱ्यावर शिडाच्या फळ्या चालविणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, यावरूनच वाऱ्याचा जोर समजावा. येथें पहांटे होडी सोडून वारा चढण्यापूर्वीं परतावें, आणि ज्याच्यापुढें दगडी बांध किंवा बंदिस्त खाडी आहे असाच उतार निवडावा. नदीच्या दोन्ही तीरांनीं आगगाडीचे रूळ गेले असल्यामुळें पाण्यापर्यंत पोंचण्याच्या जागा थोड्याच आहेत. एक उतार चुकला तर दुसरा जवळ सांपडेल असें धरून चालूं नये.

उतारांविषयीं आणखी एक गोष्ट. बॉनव्हिलच्या वरच्या अंगास कांहीं जागा नेझ पर्स, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज व याकामा या चार मूळ रहिवासी जमातींसाठीं राखून ठेविलेल्या आहेत. १८५५ च्या करारांनीं त्यांचा परंपरागत जागीं मासे धरण्याचा हक्क मान्य झाला. पुढें धरणांच्या जलाशयांखालीं त्यांच्या जुन्या जागा गेल्या. १९५७ सालीं डॅलस येथील धरणाच्या पाण्याखालीं सेलिलो धबधबा बुडाला, जेथें त्यांचे पूर्वज हजारों वर्षें मासे धरीत व व्यापारासाठीं जमत. राखीव जागा ही गेलेल्या वस्तूची अल्पशी भरपाई आहे. उतार मोकळा दिसला म्हणून तेथें होडी सोडणें हें केवळ नियमाचें नव्हे, तर न्यायाचेंहि उल्लंघन होय.

परवान्याचा नियम असा कीं, नदी जेथें दोन राज्यांची सीमा आहे तेथें होडींतून मासे धरणाऱ्यास दोहोंपैकीं कोणत्याहि एका राज्याचा परवाना चालतो. परंतु काठावर उभें राहून गळ टाकावयाचा असेल तर ज्या राज्याचा तो काठ त्याच राज्याचा परवाना लागतो, व उपनद्यांतहि तसेंच. दोन परवाने घेतले म्हणजे दुप्पट मासे नेतां येतात असेंहि नाहीं. गाडी उभी करण्याचें शुल्क निराळें; वॉशिंग्टनच्या सरकारी उद्यानांत २०११ पासून त्यासाठीं पास घ्यावा लागतो. माशांची आवक पाहून हंगाम मध्येंच बंद किंवा खुला होतो, म्हणून निघण्याच्या दिवशीं त्या राज्याच्या मत्स्यखात्याची सूचना वाचणें अवश्य आहे.

हे निर्बंध अकारण नाहींत. १९९१ सालीं स्नेक या उपनदींतील सॉकाय जातीचा सामन नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचें सरकारनें जाहीर केलें, आणि नंतर आणखी कांहीं जातींचीं नांवें त्या यादींत आलीं. म्हणून उबवणकेंद्रांत वाढविलेल्या बहुतेक माशांच्या पाठीवरील शेपटीजवळचा लहानसा पर कापून सोडतात. पर कापलेला मासा पुष्कळदां ठेवतां येतो; पर शाबूत असलेला जंगली मासा बहुधा परत सोडावा लागतो. तसेंच २०२३ सालीं स्नेक नदींत क्वागा नांवाचे परकी शिंपले आढळले. ते एका होडीस चिकटून दुसऱ्या जलाशयांत जातात, आणि मग तेथें नळ व यंत्रें तुंबतात. यास्तव वर काढलेली होडी उताराजवळ धुवावी, तिच्यांतील पाणी काढून टाकावें व ती पूर्ण वाळवावी.

सारांश, उतार निवडण्यापूर्वीं पुढील गोष्टी क्रमानें विचाराव्या. परतण्याच्या वेळीं पाणी किती असेल? वारा कोणत्या दिशेनें वाहील? यंत्र बंद पडलें तर प्रवाह मला कोठें नेईल? ही जागा कोणाची आहे? माझा परवाना येथें चालतो काय? लक्षांत घ्या, यांतील पहिले तीन प्रश्न होडी सोडण्याविषयीं नसून परतण्याविषयीं आहेत. घराजवळचा उतार सर्वांत सोयीचा वाटतो, परंतु ज्या उतारावर संध्याकाळीं सर्व मंडळी सुखरूप परत चढूं शकेल तोच खरा जवळचा. आईबापांनीं मुलांस होडींत नेतांना तरंगते जाकीट त्यांच्या अंगावर बांधावें, केवळ होडींत ठेवूं नये; डोंगरांवरील बर्फ वितळून आलेलें तें पाणी उन्हाळ्यांतहि पुष्कळदां इतकें थंड असतें कीं, पट्टीचा पोहणाराहि थोड्याच वेळांत हातपाय हलवेनासा होतो.