शाळेचा पैसा : पट मोजायचा की गरज?

समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान शाळेच्या खात्यावर येते. त्याचा हिशेब पाहू. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळे त्यातच. हे कोष्टक पट मोजते. पटावरचे मूल कोणत्या घरचे आहे हे त्याला दिसत नाही. नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशीममध्ये तरी हे चालण्यासारखे नाही. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर जातात. अनुदानासाठी धरली जाणारी यू-डायस या शालेय माहिती प्रणालीतली नोंद 30 सप्टेंबरच्या पटाची. त्या दिवशी हजर असलेले मूल जानेवारीत वर्गात असेलच असे नाही. परतल्यावर त्याला पुन्हा वाचते करायला माणूस आणि वेळ लागतो, त्याची सोय या अनुदानात नाही.

यावर कोणी म्हणेल, मुलामागे लहान शाळेलाच जास्त मिळते. 20 पटाच्या शाळेत मुलामागे 500 रुपये, 250 पटाच्या शाळेत 200. हिशेब बरोबर आहे. पण गळके छप्पर पट बघून गळत नाही, आणि पट 31 चा 30 झाला की एका मुलापायी 15 हजार जातात. मागास मुलांसाठी वेगळ्या योजना आहेतच, हेही खरे. त्यांपैकी एक म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतील मुलींचा उपस्थिती भत्ता : 1992 साली दिवसाला 1 रुपया ठरला, तीस वर्षांनंतरही तो तेवढाच होता!

खरा आक्षेप वेगळा आहे : पैसे वाढवल्याने मुले शिकतात का? अविभाजित आंध्र प्रदेशात शाळांना साहित्यासाठी अनुदान देऊन केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी गुण वाढले, दुसऱ्या वर्षी वाढ दिसेना. अनुदान येणार हे कळल्यावर पालकांनी वह्या-पेन्सिलींवरचा स्वतःचा खर्च कमी केला होता. उलट मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवायला वस्तीतल्याच तरुणी नेमल्या, तेव्हा सर्वांत कच्च्या मुलांचीच प्रगती जास्त झाली. या दोन्हींतून मी एवढेच घेतो की गरीब पालक जे विकत घेऊ शकत नाही, त्यावर सरकारने खर्च करावा. तांड्यावर ते म्हणजे शिकवणारा जादा माणूस आणि हंगामी वसतिगृह. इंग्लंडमध्ये 2011 पासून गरीब मुलामागे शाळेला जादा निधी मिळतो. आपल्याकडे स्थलांतरित मुलामागे तसा निधी देता येईल.

तोवर एक वाट शिक्षण हक्क कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा या समितीनेच करायचा असतो. यंदाच्या आराखड्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांची संख्या आणि त्यांच्यासाठी लागणारा खर्च लिहून मागा.