व्हाउचर ठेवावं की सोडावं?

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्याच्या महिन्याच्या हिशेबात घराच्या हप्त्याखालोखाल जो आकडा डोळ्यांत भरतो, तो बहुधा मुलं सांभाळण्याच्या खर्चाचा असतो. त्यात नर्सरी असते, चाइल्डमाइंडर असते, शाळा सुटल्यानंतरचा क्लब असतो, सुट्टीतली शिबिरं असतात. या खर्चात सरकार मदत करतं. मात्र मदतीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि एक धरली की दुसरी बरेचदा सोडावी लागते. तिथल्या मराठी कुटुंबांनाही या निवडीला सामोरं जावं लागतं. अमुक योजना सगळ्यांसाठी चांगली, असं सांगता येत नाही. आपल्या घरचे आकडे मांडल्यावरच उत्तर निघतं.

आधी काय होतं

पूर्वी मुख्य पर्याय दोन होते. पहिला कंपनीतर्फे मिळणाऱ्या व्हाउचरचा. पगारातली ठराविक रक्कम रोख न घेता व्हाउचरच्या रूपात घ्यायची आणि त्या रकमेवर आयकरही नाही, नॅशनल इन्शुरन्सही नाही. दुसरा टॅक्स क्रेडिटचा. यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला संगोपनखर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत मदत मिळे. त्यासाठी आठवड्याचा खर्च एका मुलासाठी १७५ पौंडांपर्यंत आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ३०० पौंडांपर्यंत धरला जाई.

अडचण अशी होती की व्हाउचरने फेडलेला खर्च टॅक्स क्रेडिटमध्ये धरत नसत. १०० पौंडांचं बिल व्हाउचरने दिलं, तर कर आणि विम्याचे तेव्हाच्या दराने ३२ पौंड वाचत. पण पूर्ण क्रेडिट मिळणाऱ्या घराचे त्याच बिलावरचे ७० पौंड जात. कंपनीची सवलत दिसली म्हणून घेतली आणि घराचं नुकसान झालं, असं त्यामुळे घडू शकत होतं.

४ ऑक्टोबर २०१८ पासून व्हाउचर योजनेत नव्याने प्रवेश बंद झाला. टॅक्स क्रेडिट एप्रिल २०२५ मध्ये संपलं आणि त्याची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली. एकच खर्च दोनदा धरायचा नाही, हे तत्त्व मात्र कायम आहे.

आजचे तीन पर्याय

व्हाउचर: २०१८ च्या मुदतीआधी घेतलेलं असेल, कंपनी तीच असेल आणि तिने योजना चालू ठेवली असेल, तर ते पुढेही मिळतं. मूळ दराने कर भरणाऱ्याला महिन्याला २४३ पौंडांपर्यंत व्हाउचर घेता येतं. एप्रिल २०११ नंतर योजनेत आलेल्या ४० टक्के दरवाल्यांसाठी ही मर्यादा १२४ पौंड आहे. मर्यादा प्रत्येक पालकामागे असते, मुलामागे नसते. मूल १५ वर्षांचं झाल्यानंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत ते वापरता येतं.

टॅक्स-फ्री चाइल्डकेअर: ऑनलाइन खात्यात तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं. ही भर प्रत्येक मुलामागे तीन महिन्यांत ५०० पौंडांपर्यंत, म्हणजे वर्षाला २,००० पर्यंत मिळते. मूल अपंग असेल तर मर्यादा दुप्पट होते. साधारणपणे दोन्ही पालक कमावते हवेत, प्रत्येकाची कमाई आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकी तरी हवी आणि कोणाचंही उत्पन्न वर्षाला एक लाख पौंडांवर नको. मदत ११ व्या वाढदिवसानंतरच्या १ सप्टेंबरला थांबते. दर तीन महिन्यांनी आपली माहिती पुन्हा नक्की करावी लागते.

युनिव्हर्सल क्रेडिट: कमी उत्पन्नाच्या घरासाठी खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. पण कमाई ठराविक पातळीवर गेली की पुढच्या प्रत्येक हाती आलेल्या पौंडामागे ५५ पेन्स मदत कमी होते. त्यामुळे ८५ टक्के या आकड्यावर न जाता प्रत्यक्ष हाती काय पडतं ते बघावं. समजा नर्सरीचं बिल महिन्याला ८०० पौंड आहे आणि सगळी वजावट होऊन क्रेडिट १०० पौंडच उरतं. अशा घराला टॅक्स-फ्री चाइल्डकेअरमधून १६० पौंड मिळतील. दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

एक हिशेब मांडून पाहू

आईवडील दोघंही मूळ दराने कर भरतात आणि दोघांकडेही जुनं व्हाउचर आहे. आज २० टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स धरला, तर व्हाउचरच्या रकमेवर २८ टक्के वाचतात. (स्कॉटलंडमध्ये कराचे दर वेगळे असल्याने तिथला आकडा थोडा बदलेल.) दोघांची मिळून वर्षाची कमाल बचत सुमारे १,६३३ पौंड.

मुलगी नऊ वर्षांची आहे आणि क्लब व सुट्ट्या मिळून तिचा वर्षाचा खर्च ४,००० पौंड आहे. व्हाउचरने १,१२० पौंड वाचतील, टॅक्स-फ्री चाइल्डकेअरने ८००. इथे व्हाउचर सरस ठरतं.

आता तिला धाकटा भाऊ आहे असं समजा. सरकारकडून मिळणारे मोफत तास वजा जाऊन त्याच्या नर्सरीचे वर्षाला ९,००० पौंड द्यावे लागतात. दोघांचा खर्च १३,००० झाला. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर २,६०० पौंड देईल, व्हाउचर १,६३३ वरच थांबेल. म्हणजे वर्षाला ९६७ पौंडांचा फरक, तोही व्हाउचर सोडण्याच्या बाजूने.

पण एका वर्षाचा आकडा बघून ठरवू नये. धाकटा शाळेत जाऊ लागला की खर्च एकदम उतरेल आणि व्हाउचर पुन्हा फायद्याचं होईल. तोवर ते सोडलेलं असेल तर परतीची वाट नसते. मोठीला अकराव्या वर्षानंतर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर मिळणारही नाही. त्यामुळे पुढच्या पाच-सहा वर्षांचा खर्च वर्षवार लिहून बेरीज करावी आणि मग निर्णय घ्यावा. एक पालक नोकरी करत नसेल किंवा कोणाचं उत्पन्न एक लाखावर असेल, तर हातातलं व्हाउचर सहसा सोडू नये, कारण टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचा दरवाजा अशा घरांना बहुतेक वेळा बंदच असतो.

अर्ज करण्याआधी

सांभाळणारी व्यक्ती किंवा संस्था नोंदणीकृत हवी. नोंदणी नसलेली आजी घरी नातवंडं सांभाळत असेल, तर तिला दिलेले पैसे या योजनांत धरले जात नाहीत.

आईवडील दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर दोन्ही मिळत नाहीत. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या सर्व मुलांना मिळणारे आठवड्याचे १५ मोफत तास मात्र या अटीत अडकत नाहीत. ते जरूर घ्यावेत.

व्हाउचर सोडायचं नक्की झालं, तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचा अर्ज केल्यापासून ९० दिवसांच्या आत कंपनीला कळवावं. नोकरी बदलण्याचा किंवा वर्षाहून जास्त बिनपगारी रजा घेण्याचा विचार असेल, तर व्हाउचर तसंही जाणार आहे, हे हिशेबात आधीच धरावं. सरकारी संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आपले आकडे भरून पाहायला काही मिनिटं पुरतात. पगाराची स्लिप आणि क्लबचं ताजं बिल समोर ठेवून ते दोघांनी मिळून भरावं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक नियम दोघांच्या कमाईवर बेतलेला आहे.